तीन खुणांची बाटली

१० फेब्रुवारी १९९९
आज कपाटाच्या तळाशी ती बाटली सापडली. दवाखान्यातल्या औषधाची, कडेला कागदाची दातेरी पट्टी, पट्टीला तीन खुणा. मी दहाची, उस्मान सहाचा. दोघांना खोकला. डॉक्टर म्हणाले होते, दिवसातून तीनदा. माझ्या या धाकट्या भावाला खेळायची घाई. सकाळीच तिन्ही खुणा एका दमात संपवल्या आणि अंगणात भडाभडा ओकला. अम्मी घाबरली, अब्बा हसले. “अरे, तीनदा म्हणजे तीन वेळा. मध्ये वेळ जायला हवा. औषध त्या मधल्या वेळातच काम करतं.” पुढे कितीतरी वर्षं उ.ला चिडवायचं तर मी नुसती तीन बोटं दाखवायची.

शोधत होते नसरीनचा निकाहनामा. जावयाचं दोह्याहून पत्र आलंय. एका ओळीत एकच शब्द, तीनदा. तलाक. माझी मुलगी ते पत्र उशीखाली घेऊन झोपते.

१२ फेब्रु.
उ. आला. आता तो जमातीचा सदर, म्हणजे अध्यक्ष. पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसला.
“झालं, आपा. तीन दिले. आता काय उरलं नाय.”
एकाच कागदावर दिलेत रे.
“कागद एक असो नाय तर दहा.”
नसरीन चहा ओतत होती. कप भरून बशीत वाहिला, तरी ओततच होती.

२० फेब्रु.
जावयाचा, इम्तियाजचा फोन. रडत होता. त्याच्या आईवरून भांडण, रागाच्या भरात लिहिलं, पोस्टात टाकलं, त्याच संध्याकाळी पस्तावला. “अम्मी, तिला सांगा, मी शब्द परत घेतो.” नसरीनने रिसीव्हर कानाला धरला. मला परत दिला नाही. ठेवलाही नाही. 
दोघांनाही संसार हवाय. मग मोडला कोणी?

३ मार्च
अब्बांचं कुराण उघडलं. समासात त्यांची पेन्सिल, बारीक मराठी अक्षर. तलाकच्या आयतीशेजारी: ‘दोनदा, म्हणजे दोन वेगळ्या वेळी. मध्ये विचाराला जागा. घाई नको.’ 
इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून दुपारभर एकेक शब्द लावत बसले. शाळेत सिस्टर वाक्य फळ्यावर लिहून असंच सोडवायला लावायच्या. तेव्हा कंटाळा यायचा.
छातीत पुन्हा कळ.

११ मार्च
उ.ला घेऊन मौलवीसाहेबांकडे. भला माणूस. “बाई, तुमचा हेतू नेक आहे. पण आपण शाफई पंथाचे, आणि यात चारही पंथांच्या इमामांचं एकमत, तीन ते तीनच.” 
काही आलिम, धर्माचे पंडित, तीनला एकच धरतात ना?
“धरतात. त्यांच्या मशिदीत.” मग, “सदरसाहेबांनी जमातीपुढे मांडलं आणि जमातीने मानलं, तर मी आड येणार नाही.”
रस्त्यात उ. म्हणाला, “अब्बांनी तुला कॉन्व्हेंट दिलं, मला दाढी दिली. आता माझ्या दाढीशी इंग्रजीत भांडू नको.” दोघांनाही हसू आलं. तेवढ्यात मी तीन बोटं वर केली. त्याचं हसू गेलं. पुढे पुढे चालत राहिला, मला दम लागला तरी.

३० मार्च
बकरी ईद झाली. उ.ने कुर्बानीचा वाटा पाठवला, स्वतः आला नाही.
मुंबईच्या एका आलिमांचं लेखी उत्तर आलं: तलाक एकच झाला, इद्दतीचे तीन महिने संपायच्या आत नवरा-बायको परत नांदू लागले की पुरे. नसरीनला वाचून दाखवलं.
“मामूंनी मशिदीत सांगितलं तर जाईन. नाही तर जन्मभर लोक म्हणतील, हरामात राहते. तुझ्या कुराणात बरोबरच असेल, अम्मी. पण मला मोहल्ल्यात राहायचंय.”
तुझ्या कुराणात. जणू दोन आहेत.

१९ एप्रिल
डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप. ऑपरेशन मुंबईला, लगेच.
ऐकून उ. धावत आला. खुर्ची माझ्या पलंगाजवळ ओढली. मग, “आपा, तुझं मला पटतं. पहिल्या दिवसापासून पटतं.”
मग बोल ना.
“बोललो तर नमाजाला माझ्या बाजूला कोण उभं राहील?” आणि रडला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. पाठीवरून हात फिरवला, त्या दिवशी अंगणात अम्मीने फिरवला होता तसा. 

२२ एप्रिल, गुरुवार
उद्या जुम्मा. इद्दतीतला शेवटचा. शनिवारी इम्तियाज येतोय. उद्या पहाटे माझी गाडी, म्हणजे उ. मशिदीत बोलतो की नाही ते मला मुंबईतच कळणार. कळलं तर.

लिहून ठेवते.
शिलाई मशीन नसरीनला. माझ्या दोन बांगड्याही तिलाच, ती कुठेही नांदो. अंगावर घालाव्यात, पेटीत ठेवू नयेत.
इंग्रजी पुस्तकं माझ्या शाळेला. पहिल्या पानावरचं नाव खोडू नये.
निळी शाल भावजयीला. तिने दोनदा हातात घेऊन परत ठेवलीय.
इम्तियाजचं पत्र कोणी फाडू नये. त्याचं काय करायचं ते नसरीन ठरवील.
अब्बांचं कुराण उ.ला. समासातली पेन्सिल पुसू नये.
बाटलीही त्यालाच. पण ती मागे ठेवत नाही. आज भावजय डबा घेऊन आली होती, धुऊन, पुसून तिच्या पिशवीत घातली. जुम्म्याआधी त्याच्या हातात पडायला हवी.