मैदानाचा अर्ज आणि दोन किलो आमसुलं

जानकीपुरम, लखनौ
११ नोव्हेंबर २०१२

तीर्थरूप सुनंदाताईस,

धाकट्या चंद्रहासचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि देवरुखच्या घराची कौलं या तिन्हींची खुशाली कळव (कौलं शेवटी लिहिलीस तरी चालेल, पण तू ती आधी लिहिणार हे मला माहीत आहे). इकडे आम्ही ठीक आहोत. फक्त मी चळवळीत पडलो आहे.

आमच्या घरासमोरचं मैदान तुला आठवत असेल, जिथे यमुना भाजी घेऊन बसते. (तीच, जिला तू अंबाडीचं बी पाकिटात घालून पाठवलं होतंस. ते तिने परसात लावलं, आणि आता आमच्यापुरत्या जुड्या काढून उरलेल्या ‘ये मराठी साग है’ म्हणून बाकीच्यांच्या गळ्यात मारते.) त्या मैदानावर एक कंपनी तीन मजली सुपरमार्केट बांधणार आहे. ते झालं की यमुनेसकट बारा बायका उठणार. दोन वर्षांपूर्वी आम्हा दोघांना डेंगी झाला तेव्हा या बाईने वीस दिवस दाराशी दुधी नि पालक आणून ठेवला, घंटीसुद्धा न वाजवता. तिची जागा मी जाऊ देणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही, ठरवून लिहितो आहे.

तर कॉलनीने ‘मैदान बचाओ समिती’ काढली आणि मला अध्यक्ष केलं. मी औषधांचा शास्त्रज्ञ, म्हणजे अर्ज चांगला लिहीन, अशी सचिव रिज़वी साहेबांची समजूत. हरकती नोंदवायला तीस दिवस होते. आता हरकत म्हणजे काही वाणसामानाची यादी नव्हे. मी अठ्ठावीस पानं लिहिली, चार तक्ते जोडले आणि आमच्या शिरस्त्याप्रमाणे संस्थेतल्या दोघांकडे अभिप्रायाला पाठवली. (ज्याने तीस वर्षं दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय एक ओळ छापली नाही, तो ऐनवेळी कसा बदलेल?) पहिल्याने दोन स्वल्पविराम हलवले. दुसरा, सत्यजित, म्हणाला की तुलनेसाठी, जिथे सुपरमार्केट येणार नाही असाही एक बाजार मोजायला हवा. मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी तीन रविवार निशातगंजच्या बाजारात वही घेऊन उभा राहिलो. एका दुकानदाराने मला विक्रीकराचा माणूस समजून चहा, समोसा आणि खुर्ची दिली. त्याच्या शेजाऱ्याने शटर ओढलं. रिज़वी साहेब रोज संध्याकाळी येऊन अतिशय अदबीने मसुद्याची चौकशी करत आणि मी त्यांना तक्ता क्रमांक तीन समजावून सांगत असे. सुधारित प्रत घेऊन मी कचेरीत पोचलो तेव्हा मुदत संपून एक दिवस झाला होता.

ताई, मी तिथल्या पायऱ्यांवर अर्धा तास बसून राहिलो. फार लाज वाटली. संध्याकाळी यमुनेला सांगायला गेलो, तर तिने पदराच्या गाठीतून शिक्का मारलेली प्रत काढली.

"डॉक्टर साहब, आप काग़ज़ पकाते रहे, हम जमा भी कर आए."

अर्ज अर्ध्या पानाचा. एकही तक्ता नाही. कोणी लिहून दिला ते ती सांगत नाही, पण त्यात एक वाक्य आहे: या बायका उठल्या तर आमच्या घरात चूल पेटणार नाही. संदर्भ दिलेला नाही, तरी वाक्य बरं आहे.

आता एकोणतीस तारखेला सुनावणी आहे. कंपनी म्हणते की कॉलनीतल्या बायकांनाच दुकान हवंय, म्हणून समिती घरोघर बायकांच्या सह्या गोळा करते आहे. दोनशे बारा झाल्या. घर क्रमांक एक्केचाळीससमोरची जागा मात्र कोरी आहे, आणि ते अध्यक्षांचं घर. गेल्या महिन्यात कंपनीचा विक्रम नावाचा मॅनेजर मिठाईचा डबा घेऊन आला आणि कल्पनाला सांगून गेला की दुकानात मराठी सामानाची वेगळी फळी असेल, आमसुलं आणि गोडा मसाला बारा महिने. तेव्हापासून ती सोलकढीचं नाव काढते आणि सुस्कारा टाकते. इतकी वर्षं या परमुलखात आमसुलं मोजून वापरली तिने, मी कोणत्या तोंडाने बोलणार? पण मागे हटणार नाही. सुनावणीत यमुनेच्या अर्जाच्या बाजूने मी पाच मिनिटं बोलणार, तेही सत्यजितला आधी न दाखवता.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
चंद्रहास

ता. क. खरं काम राहिलंच. दोन किलो आमसुलं आणि एक किलो गोडा मसाला पंचवीस तारखेच्या आत पोचेल असा पाठव. पार्सलवर कल्पनाचं नाव घाल. मी मागितलं होतं हे तिला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. यांनी माझी सही कधी मागितलीच नाही. चौदा प्रश्नांचा छापील कागद दिला, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. त्यावर मी अंबाडी निवडली. यमुनेचा अर्ज मीच लिहिलाय. सह्या पाठच्या बाजूला आहेत आणि पहिली माझी आहे, पण यांना पान उलटायचं सुचलं नाही. एवढ्यात सांगू नका, माझी सही नाही या धाकाने का होईना, माणूस पेटलाय. आमसुलं मात्र तीन किलो पाठवा. तो विक्रम पुन्हा आला की त्याला वाटीभर सोलकढी पाजून सांगायचंय, आमची फळी देवरुखला आहे.

कल्पना