पांढऱ्या हातमोज्यांची पेटी

माझा भाचा हॅलेट न्यायाधीश झाला आणि माझ्या वडिलांचे पांढरे हातमोजे त्याने कोर्टात मांडायला मागितले, म्हणून हे मृत्युपत्र आजच करावे लागत आहे. मी, ड्रुसिला कॉर्बेट, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आहे. हॅलेटला शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे.

१. वडील एनीअस कॉर्बेट आधी वकील, मग आमदार, शेवटी न्यायाधीश. त्यांची कायद्याची पुस्तके माझ्या कॉलेजला. ती वाचून मी पहिली आले. बायकांना वकिलीची सनद नको असे विधानसभेत ठरले, तेव्हा त्यांचाही हात वर होता.

२. पाद्री हॅनिंग्टन यांनी माझ्या दफनाच्या वेळी बोलू नये. ते लांबवतात.

३. बँकेतली शिल्लक झेली सावोआ हिला. कारण पुढे आहे.

४. हातमोजे. कोर्टाच्या सत्रात एकही आरोपी नसला की शेरीफ न्यायाधीशांना पांढरे हातमोजे देतो आणि गाव मिरवते. वडिलांना ते मिळाले त्या वसंतात नदीचा बर्फ फुटत होता. समारंभ चालू असताना कोर्टाखालच्या कोठडीतून ठोठावणे ऐकू आले. मी सज्जात होते. वडिलांनी शेरीफकडे पाहिले.

"बर्फ आहे, साहेब," तो म्हणाला.

वडिलांनी हातमोजे चढवले. दुसऱ्या दिवशी कोठडीत झेलीचा बाप, लाकूडतोड्या ओनेझिम, गारठून मेलेला सापडला. त्याचे नाव कैद्यांच्या यादीत चढवायचे राहून गेले होते. मुठीचे सांधे सोलले होते.

हातमोजे पुन्हा कोणी घातले नाहीत. तरी दर वसंतात, नदी फुटली की, मुठीवरचे कातडे झिजून भोक पडते. मी शिवते.

गेल्या रविवारी जेवताना हातमोज्यांच्या पेटीतून ठोठावणे आले. हॅलेट मटण कापत होता. "घराचं लाकूड आहे, आत्या."

"तुझे आजोबाही एवढ्यावरच थांबले होते."

"मग काय करू? पेटीवर समन्स बजावू?"

"ऊठ. कोण आहे, विचार."

त्याने बटाटे मागितले.

५. घर हॅलेटला, एका अटीवर: ठोठावणे आले की त्याने उठावे, पेटी उघडावी आणि विचारावे. न केल्यास घर झेलीला. हातमोजे कोर्टात जाणार नाहीत.

सही: ड्रुसिला कॉर्बेट
साक्षीदार: डॉ. ओबेद फॉल्कनर, मिस थिओडोरा व्हेल
पोर्ट एल्डन, न्यू ब्रन्सविक, १४ एप्रिल १९०९

सुपूर्द केल्याची नोंद: हातमोज्यांची पेटी, मुठीवर माझे ताजे टाके, आणि किल्ली साक्षीदारांसमोर हॅलेटच्या हवाली केली. सह्या चालू असतानाच ठोठावणे आले. डॉक्टरांनी खिडकीतून नदीकडे पाहिले. हॅलेट उठला, त्याने पेटी उघडली आणि कोण आहे, असे हळू आवाजात विचारले. ठोठावणे थांबले. टाके उसवलेले होते. त्याने पेटी बंद केली आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली.