संदीपने वर केलेला हात

शनिवार, संध्याकाळ. फेब्रुवारी २००१

आज कट्ट्यावर पेढे वाटले. विद्यापीठाने समोरच्या कॉलेजचं कबड्डीचं विजेतेपद काढून घेतलं, ढाल आता आमची. त्यांचा कर्णधार संदीप, त्याच्या जागी परीक्षेला दुसराच कोणी बसला होता म्हणे. "त्यांचा राखीव खेळाडू पेपरलाही तयार असतो," आमच्या संघातला नित्या म्हणाला. सगळे हसले. मीही.

पण मला सारखा अंतिम सामना आठवतोय. आमचा कर्णधार महेश चढाईला गेला, त्याची बोटं संदीपच्या खांद्याला जेमतेम लागली. पंचांना दिसलंच नाही. संदीपनेच हात वर केला आणि मुकाट्याने बाहेर जाऊन बसला. असा मुलगा लबाड कसा?

वर्षभर वाघोलीहून पहाटे सरावाला यायचा. त्याला वर्गात बसू दिलं कोणी? 'पेपरचं आम्ही बघतो' हे त्याच्या सरांनीच सांगितलं असणार. सर अजून नोकरीत आहेत, हा कॉलेजबाहेर. आमच्यासारखे कॉम्प्युटरचे क्लास त्याला कुठले? खेळावर नोकरी लागणार होती, तीही गेली.

महेशने पेढा खाल्लाच नाही. म्हणाला, "आपल्या संघातलं यंदा कोण कोण लेक्चरला बसलंय? हात वर करा."

सगळा संघ तिथेच होता. नित्या चपलेकडे बघत बसला. संघातल्यांची हजेरी आमचे सर परस्पर लावतात, हे कट्ट्यावर कोणाला माहीत नाही?

एकही हात वर झाला नाही. आणि संदीपकडे तर तेव्हा पंचही बघत नव्हते.