चाकातली हवा आणि अर्धवट सोडलेला तास

ती. सटवामामांना,

भाचा अभिमन्यूचा वाकून नमस्कार. (लांबूनच वाकलेलं बरं, इथपर्यंत तुमचा हात पोचत न्हाई.) मामींच्या गुडघ्याला उतार असेल आणि म्हैस आता लाथ न मारता दूध देत असेल, अशी आशा करतो. तुमच्या रागाची चौकशी करत नाही, तो ठणठणीतच असणार. मलाही तो आजोळाकडूनच मिळालाय. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही आधी ओरडता आणि मग काय झालं ते विचारता. कागदावर निदान शेवटपर्यंत बोलता येतं.

मी कॉलेज कसं सोडलं ते तुम्हाला ठाऊक आहेच. रामप्रसाद सर वायूंचे नियम शिकवत होते. तापमान तेच ठेवून वायू दाबला की त्याचं आकारमान कमी होतं, इथपर्यंत मी नीट ऐकलं. मग सर म्हणाले, ‘‘अभिमन्यू, फळा इकडं हाय, स्वप्नाच्या वेणीवर न्हाई.’’ वर्ग हसला, माझं डोकं फिरलं, दप्तर उचलून जो निघालो तो थेट बायपासच्या टायरच्या दुकानात हवा भरायला लागलो. तापमान वाढलं की काय होतं, ते सरांनी मी गेल्यावर शिकवलं. (नाव ठेवताना आत्यानं जरा विचार करायला पाहिजे होता.)

स्वप्ना मात्र कॉलेजला येताजाता तिच्या स्कूटीत हवा भरायला माझ्याकडंच येते. चाकं भरलेली असली तरी येते. त्यावरून मी मनात बरंच बांधकाम काढलं होतं.

गेल्या रविवारी पहाटे एक जीप दुकानासमोर उभी होती. रात्रभर थंडीत उभी, चाकं गार दगड. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘हवा बघ बे, कडा गावाच्या पुढं जायचंय. अर्जुनरावांची पोरगी बघायला पाव्हणे न्यायचेत.’’ अर्जुनरावांची पोरगी म्हणजे स्वप्ना! मामा, माझं सगळं बांधकाम कोसळलं. तो चहाला गेला आणि मी चारी चाकांतली थोडी थोडी हवा सोडून दिली. वाटेत कुणाला इजा नको, फक्त आष्टीच्या अलीकडं चाकं बसावीत आणि पाव्हण्यांनी कंटाळून माघारी फिरावं, एवढाच हिशेब. कमी केलेली हवा कमीच राहणार, असं मला वाटलं.

सोमवारी स्वप्ना आली. स्कूटी स्टँडवर लावली आणि मास्तरणीसारखी उभी राहून सगळं सांगितलं. जीप माझ्या दुकानापुढून निघाली आणि चाकं मऊ लागली, एवढं ड्रायव्हरच्या बोलण्यातून कळताच हवा कुणी काढली ते तिनं ओळखलं होतं. सकाळी चाकं मऊ, म्हणून खड्ड्यांतून गाडी गादीवरून चालल्यासारखी गेली. नवऱ्या मुलाची आई छबुबाई, कंबरदुखीनं सदा वैतागलेली, ती हसत उतरली. ‘‘पायगुण बघा पोरीचा, कंबर बोलली सुदिक न्हाई!’’ उन्हानं आणि डांबरानं चाकं तापली, आतली हवा तापली, टायर काही फुग्यासारखा फुगत नाही, म्हणून दाब वाढला आणि कमी केलेली कसर पार भरून निघाली. परतीलाही गाडी झकास. येत्या रविवारी सुपारी फोडायचं ठरतंय.

‘‘एवढा एक तास पुरा बसला असतास तर!’’ ती म्हणाली. मी उगाच तिच्या चाकाला नळी लावली. मग ती खाली बघून म्हणाली, ‘‘हवा काढायला पहाटं उठलास. आमच्या घरी यायला कधी उठणार व्हतास?’’

मामा, त्या वेळी कॉम्प्रेसर चालू होता म्हणून बरं झालं, माझ्या नाकाचा आवाज कुणाला आला नाही. ती वर्षभर वाट बघत होती, आणि मी नुसती हवा भरत होतो.

असो. मामींना नमस्कार.

तुमचा,
अभिमन्यू

ता. क. : तुम्ही आणि अर्जुनराव ऊसतोडीला पाचटाच्या एका कोपीत राहिलात, एका ताटात जेवलात. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. सुपारी फुटायच्या आत या आणि माझ्यासोबत त्यांच्याकडं चला. कॉलेजात पुन्हा नाव घालतो, सरांचे पाय धरतो, हे खुशाल माझ्या वतीनं सांगा.

दुसरा ता. क. : भाड्यानं गेलेली ती जीप तुमचीच होती. बंकट ड्रायव्हरला काही बोलू नका, त्याला काही माहीत नाही. निघण्याआधी पहाटेच, चाकं गार असताना, हवा भरून घ्या. पण मामी सोबत येणार असतील तर थोडी कमीच ठेवा. त्या हसत उतरलेल्या बऱ्या.