गच्चीला कठडा

मंगळवार, ७ जानेवारी

नीलिमाने आज वचन-अभ्यासात मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. स्वतःची बायको!

दर मंगळवारी बेलवलीतली आम्ही आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबं एकाकडे जमतो. आज आमची पाळी, अध्यायही तिनेच निवडला. जुन्या करारातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, अध्याय बावीस. मी म्हणालो, हे नियम हिब्रू लोकांचे, त्या काळचे. दोन जातींचं सूत एका कापडात नको म्हणतात, माझा शर्ट टेरिकॉटचा. प्रभूने सोडवलंय आपल्याला यातून, पुढे चला.

तर ही चहाचा ट्रे ठेवत म्हणते, "आठवं वचन राहिलं. घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, कुणी पडलं तर दोष तुझ्या घरावर. आमच्या गच्चीला कठडा नाही."

सगळे छताकडे बघायला लागले. स्लॅबमधून काय दिसणार होतं, कोण जाणे.

बुधवार, ८ जानेवारी

दुपारपर्यंत बोललो नाही तिच्याशी. तिला फरक पडलेला दिसला नाही. गच्चीवर रंगाच्या डब्यांत तिच्या मिरच्या आणि गवती चहा आहे, तिथेच होती.

कठडा मी मुद्दाम नाही बांधला. वर अक्षयचा मजला व्हायचा होता, म्हणून कॉलमच्या सळ्या उभ्या ठेवल्या. अठरा वर्षं झाली. मुलगा पुण्यात फ्लॅट घेऊन बसलाय. तरी त्या सळ्या कापायच्या म्हणजे जिवावर येतं.

संध्याकाळी तिने दारावर कोपर आपटून घेतलं. या आठवड्यात दुसऱ्यांदा. म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं? "कठड्यात," म्हणाली.

रविवार, १२ जानेवारी

उपासनेनंतर पाळक उन्मेष रणभिसे यांना गाठलं. तिशीचा माणूस, पण अभ्यासू. म्हटलं, आज आपल्याला हा नियम लागू आहे की नाही, एकदाच सांगा.

"काका, तेव्हा लोक धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर झोपायचे, पाहुणे वर बसायचे. नियम धाब्याचा, पण काळजी माणसाच्या जिवाची. ती काही जुनी झाली नाही. तुमच्या गच्चीवर कोण जातं?"

कोणी नाही, म्हटलं. फक्त नीलिमा.

बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

सोमवार, १३ जानेवारी

कठडा करतो म्हणून सांगितलं. "बरं," म्हणाली. एवढंच! जेवायला मात्र बोंबलाचं कालवण.

शनिवार, १८ जानेवारी

उल्हासनगरला ग्रिलवाल्याकडे गेलो. सिंधी, माझ्याच वयाचा, तरी म्हणतो, "हाइट कितनी रखूँ, अंकल?" मी म्हणालो, हमारे शास्त्र में हाइट नहीं लिखी. "तो क्या लिखा है?" कोई गिरे नहीं, बस. "तो साढ़े तीन फुट," म्हणाला आणि लिहून घेतलं.

सगळी नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात मापं तपासण्यात गेली माझी. इतका सरळ अर्थ मला त्या मंगळवारी लागला नाही.

शनिवार, २५ जानेवारी

कठडा बसला. सळ्याही कापल्या. ग्राइंडर चालू होता तोवर मी खालीच बसलो. मग वर गेलो, तर खरंच बरं वाटलं. अक्षयला फोटो पाठवला. "भारी, पप्पा."

संध्याकाळी दोघांनी वर चहा घेतला, गवती चहा घालून. नीलिमा कठड्याला टेकून बराच वेळ उभी होती. मी आज सुखात आहे, हे लिहून ठेवतो.

गुरुवार, ३० जानेवारी

घरपट्टीची पावती शोधताना साड्यांखाली फाइल सापडली. डोळ्यांच्या डॉक्टरांची, गेल्या ऑगस्टची. नीलिमाला काचबिंदू आहे. कडेचं दिसत नाही. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांवर टिकवायचं.

विचारलं, सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर गच्चीला कुलूप लावलं असतंत."

लावलं असतं.

"म्हणून अनुवाद काढलं. माझ्यापेक्षा त्याचं ऐकता."

आजपासून थेंब मी घालणार. आत्ता ती वर मिरच्या तोडतेय. एक हात कठड्यावर आहे.