तू गैरहजर नव्हतीस

तळेगाव दाभाडे,
रविवार

प्रिय सुषमा,

भाताची कापणी आटोपत आली असेल तुमची. परवा कामशेतला जीपच्या थांब्यावर तुझ्या भावाची, गणेशची गाठ पडली. खालची दोन खाचरं झाली, वरचं एक राहिलंय, आणि गुडघा एवढा सुजलाय तरी आई विळा खाली ठेवत नाही, असं सांगत होता. सारजामावशींना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली या पत्राबरोबर देते आहे. कोमट करून चोळायचं म्हणावं.

गणेशनं आणखीही एक सांगितलं. तू सगळी पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलीस म्हणे. एक तारखेपासून पवना धरणाच्या काठावर तंबूवाल्यांकडे कामाला जाणार आहेस. पाहुण्यांचे तंबू झाडायचे, अंथरुणं घालायची, भाकऱ्या थापायच्या. "ताई म्हनली, आता बास झालं," एवढं बोलून त्यानं जीप काढली. मी तांदळाच्या दुकानासमोर कितीतरी वेळ उभी होते. दुकानदारानं दोनदा विचारलं, काय देऊ. मला काही घ्यायचंच नव्हतं.

आठवतं तुला, बी.एड.च्या वर्गात पहिल्या दिवशी तू शेवटच्या बाकावर बसली होतीस आणि प्राध्यापकांनी नाव विचारल्यावर इतक्या हळू बोललीस की त्यांनी तुझी हजेरीच लावली नाही? मी उठून सांगितलं, सर, ही आली आहे. तेव्हापासून आपली मैत्री. आणि गेली सात वर्षं तर दर बुधवारी कामशेत स्टेशनच्या बाकावर आपण भेटत आलो. तू वाडीवरून दीड तास उतरून यायचीस, मी तळेगावहून गाडीनं. मी मुलाखत घेणारी व्हायचे, तू उमेदवार. मग उलट. स्वतःविषयी सांगा. वर्गात मूल ऐकत नसेल तर काय कराल? पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? या शेवटच्या प्रश्नाला तू दर वेळी एकच शब्द बोलायचीस, "वर्गात." मी चिडायचे. एवढ्यावर कुणी नोकरी देत नाही, जरा वाढवून बोल, म्हणायचे. आणि तुझं ते 'पानी' आणि 'कोन' सुधारायचे. तू घरी परतताना चढणीवर पाणी, कोण, आणि, असं घोकत जायचीस, हे मावशींनीच मला हसत सांगितलं होतं.

माझं कसं चाललं होतं ते तुला ठाऊक आहे, पण सगळं नाही. तेरा वर्षं एकाच खाजगी शाळेत मी शिकवलं. दर एप्रिलमध्ये कमी करायचे, जूनमध्ये परत घ्यायचे. या जूनमध्ये घेतलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, नव्या मुली इंग्रजी चांगलं बोलतात. त्यानंतर पाच महिन्यांत मी अकरा मुलाखती दिल्या. सोमाटण्याला दिली, चिंचवडला दिली, एक तर पार बारामतीला जाऊन दिली. प्रत्येक वेळी घरी आले की बाबा दारातच उभे. ते स्वतः पस्तीस वर्षं शिक्षक होते, त्यामुळे काय झालं हे विचारत नाहीत. काय विचारलं, एवढंच विचारतात. मी प्रश्न सांगते, ते त्यांची उत्तरं सांगतात, आणि सगळी उत्तरं माझ्यापेक्षा चांगली असतात. अकराव्या मुलाखतीला तर मी आत गेलेच नव्हते. शाळेच्या फाटकाबाहेर तासभर बसले आणि परत आले. बाबांना प्रश्न मात्र मनानं रचून सांगितले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग लोणावळ्याच्या वरच्या अंगाच्या त्या निवासी शाळेची जाहिरात आली. वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांची शाळा, कायमची जागा, जागा एकच. जाहिरातीचं कात्रण तूच काढून आणलंस. दोघींनी अर्ज करू, कुणाला तरी मिळेल, म्हणालीस. वयाची अट अडतीस. मला डिसेंबरात अडतीस पूर्ण होतात. तुला जातीच्या दाखल्यामुळे पाच वर्षं जास्तीची आहेत. ही पाच वर्षं त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसली, सुषमा. तुझी मैत्रीण म्हणून मला त्यांचा आनंद व्हायला हवा होता.

नमुना पाठ तू तुमच्या वाडीतल्या मुलांवर करून बघितलास, तेव्हा मी तिथे होते. चौथीचा नकाशा. पुस्तक न उघडता तू मुलांना मातीत त्यांची वाट काढायला लावलीस. उठल्यावर पहिलं कुठं जातोस? पाणी कुठल्या बाजूला? गुरं कुठून येतात? ऊन अंगावर कुठून पडतं? आणि पंधरा मिनिटांत त्या मुलांना पूर्व-पश्चिम कळलं होतं. तेरा वर्षं मी फळ्यावर बाण काढून शिकवलं, आणि माझ्या वर्गातली मुलं परीक्षेनंतर ते विसरायची. मी तुला त्या दिवशी, छान झालं, एवढंच म्हणाले. खरं म्हणजे मला आतून भीती वाटली होती. ही जागा तुझी आहे हे मला तिथेच कळलं.

आता जे लिहायचंय त्यासाठी हे सगळं लिहीत बसले. मुलाखत शनिवारी होती. त्याच्या आधीच्या बुधवारी, आपण स्टेशनवरून परतल्यावर, दुपारी त्या शाळेच्या कार्यालयातून मला फोन आला. संस्थेच्या अध्यक्षांना बाहेरगावी जायचंय, म्हणून मुलाखती शुक्रवारी सकाळी दहाला घेतोय, असं त्यांच्या क्लार्कनं सांगितलं. पुढे म्हणाला, सुषमाबाईंचा फोन लागत नाही, त्यांनी अर्जात तुमचा नंबर दिलाय, त्यांना कळवाल ना? मी म्हणाले, हो, कळवते.

हो, सुषमा. मला बुधवारीच कळलं होतं. तू शनिवारी कडक इस्त्रीची साडी नेसून त्या शाळेच्या फाटकाशी गेलीस आणि पहारेकऱ्यानं तुला, मुलाखती काल झाल्या, असं सांगितलं. तू लोणावळा स्टेशनवरून मला फोन केलास. तेव्हा मी म्हणाले की मला ऐन वेळी कळलं, तुला किती फोन लावले, लागलेच नाहीत. मी एकही फोन लावला नव्हता. गणेशचा नंबर माझ्याकडे होता. तो दिवसातून चार वेळा तुमच्या वाडीच्या पायथ्याशी येतो. बुधवारी मी तो नंबर तीनदा काढला आणि तीनदा फोन बाजूला ठेवला. गुरुवारी म्हटलं, दुपारी करू. दुपारी म्हटलं, आता काय, तिला तयारीला वेळच मिळणार नाही. असं करत करत शुक्रवार उजाडला. हातून चुकून राहिलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं ते नव्हतं. दोन दिवस माझ्या हातात होते, आणि मी घड्याळ बघत ते जाऊ दिले.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. शुक्रवारी मुलाखतीत मी तुझाच पाठ घेतला. तुझ्या प्रश्नांसकट, तुझ्या शब्दांसकट. मुलांना मैदानात नेलं आणि 'पानी कुटं हाय' म्हणून विचारलं. ज्या बोलण्यावरून मी तुला सात वर्षं टोकलं, तेच बोलणं मी तीन परीक्षकांपुढे स्वतःचं म्हणून बोलले. मुलं खुलली. एका मुलीनं मान वर करून विचारलं, "बाई, तुमी कुटल्या वाडीच्या?" मागे मुख्याध्यापिका यशोधराबाई वही घेऊन उभ्या होत्या. मी म्हणाले, तुमच्याच बाजूची. यशोधराबाई हसल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं, नोकरी मला त्या क्षणी मिळाली.

त्या शनिवारी फोनवर तू मला काय म्हणालीस ते तू विसरली असशील. मी विसरलेले नाही. "जाऊ दे गं कौमुदी. आमच्या वाडीला रेंज न्हाई त्याला तू काय करणार? आपल्यातल्या एकीचं तरी होऊ दे." तू रडली नव्हतीस. तू माझी समजूत काढत होतीस.

मंगळवारी नियुक्तिपत्र आलं. सोमवारी, म्हणजे उद्या, रुजू व्हायचं होतं. बाबांनी पेढे आणून अख्ख्या सोसायटीत वाटले. आई गेल्यापासून ते कुणाच्या दारात गेले नव्हते, त्या दिवशी तीन जिने चढून गेले. मला वाटलं, हळूहळू मन निवळेल, माणूस कशाचीही सवय करून घेतो. तसं झालंही असतं कदाचित. पण गेल्या बुधवारी मी कागदपत्रं द्यायला शाळेत गेले होते. यशोधराबाईंनी चहा मागवला. बाई मनानं वाईट नाहीत. त्या सहज बोलून गेल्या की, आम्हाला खरं तर वाडीवरचीच शिक्षिका हवी होती, एक अर्ज होता, गुणही चांगले होते, पण त्या आल्याच नाहीत. "बोलावलं तरी येत नाहीत हो या मुली. मग आम्ही तरी काय करायचं?" आणि त्यांनी तुझा अर्ज काढून मला दाखवला. त्यावर लाल शाईनं शेरा होता, गैरहजर. खाली अध्यक्षांच्या अक्षरात लिहिलं होतं, पुढील भरतीत विचार करू नये.

मी चहा प्यायले. तेव्हाही काही बोलले नाही, हेही लिहिते. खाली उतरून बसमध्ये बसले आणि तुझा तो 'गैरहजर' शब्द तळेगावपर्यंत माझ्याबरोबर आला. मी तुझी एक जागा घेतली असं मी स्वतःला सांगत होते. तुला अजून पाच वर्षं आहेत, दुसरी मिळेल. त्या कागदावर तुझी पाचही वर्षं गेली होती. आणि तुझ्याबरोबर, तुमच्या वाडीवरून उद्या जी कुणी मुलगी अर्ज करेल तिचंही नाव त्या एका वाक्यात बसलं होतं. बोलावलं तरी येत नाहीत. शुक्रवारी कामशेतला मी तुला भेटायलाच निघाले होते. गणेशकडून त्या पोत्याचं ऐकलं आणि वर यायचा धीर झाला नाही.

काल, शनिवारी, मी यशोधराबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. फोन, पाठ, 'तुमच्याच बाजूची', सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं. आता मात्र तुम्हाला मी मुलांसमोर उभं करू शकत नाही." मी नियुक्तिपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी अध्यक्षांना तिथूनच फोन लावला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. बाबांना अजून हे माहीत नाही. उद्यासाठी त्यांनी माझी पिशवी भरून ठेवली आहे, डबा, छत्री, दोन नवी पेनं. हे पत्र गणेशकडे देऊन आले की त्यांना सांगणार आहे. काय विचारतील ठाऊक नाही. या वेळी माझ्याकडे रचलेले प्रश्न नाहीत.

क्षमा मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती तू करू नयेस, आणि मला तोंड दाखवू नकोस म्हणालीस तर तेही बरोबरच आहे. हे लिहिलंय ते एका निरोपासाठी, जो मला एकदा दिला होता आणि मी पोचवला नाही. फोनवर सांगितला असता तर मी कुठेतरी पुन्हा स्वतःला वाचवलं असतं, म्हणून कागदावर. नीट वाच. येत्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, त्या शाळेत तुझी मुलाखत आहे. यादीतल्या दुसऱ्या एका बाईही आहेत, त्यामुळे जागा तुझीच असं मी म्हणणार नाही. अध्यक्षांशी बोलून झाल्यावर यशोधराबाईंनी मला परत आत बोलावलं आणि तुझ्या अर्जावरचा शेरा माझ्यासमोर खोडून तिथे सही केली. मूळ प्रमाणपत्रं आण, दाखल्याच्या दोन प्रती आण. ते तुला विचारतील, मूल शाळेतून पळून गेलं तर काय कराल, आणि पाच वर्षांनी कुठे असाल. वाढवून काही सांगू नकोस. नमुना पाठ नकाशाचाच घे. तो तुझा आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि तो त्यांना तुझ्याकडूनच बघायचाय. तुझ्या बोलीत शिकव, मी जे काही सुधारलं ते सगळं विसर. माझ्यावरच्या रागापायी येणं टाळू नकोस, सुषमा, एवढी एकच भीक मागते. मी तिथे असणार नाही. पोतं माळ्यावरून खाली काढ आणि गुरुवारी अकराच्या आधी त्या फाटकातून आत जा.

तुझीच, तू म्हणू देशील तोवर,
कौमुदी