थुंकीचा एक थेंब

३ जून
मैत्रीण चिमणी आठवली आज. शाळेतला भरतकामाचा तास, एकाच बाकावर आम्ही दोघी. सुई माझ्या बोटात गेली आणि पांढऱ्या रुमालावर रक्ताचा ठिपका! ती लगेच थुंकी लावायला सरसावली. सिस्टर ओरडल्या, "रक्त तिचं ना? मग थुंकीही तिचीच!" माझी लावली, डाग गेला. पुढे जन्मभर हेच करत आले.
शाळेच्या शंभरीचा झेंडा भरायला मलाच दिलाय. पांढरं साटीन. मला!

९ जून
ओठाच्या आतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराचे राखणदारच उलटलेत. लाळेच्या ग्रंथींना परकं समजून झोडपतायत. म्हणून तोंड कोरडं, डोळ्यांत वाळू, दात किडलेले. "सगळ्या ग्रंथी गेल्या नाहीत. उरलेल्यांना गोळीने कामाला लावू."
हे म्हणाले, "चला, आता तरी तुझं तोंड बंद!" घरी येईपर्यंत हात मात्र सोडला नाही.

१२ जून
पाण्याचा घोट, डोळ्यांत औषध, चार टाके. पुन्हा घोट. सुई सूनबाई ओवून देते. कानाखाली सुजलंय — झेंडा झाला की दाखवीन.

२० जून
घात झाला! नक्षीतलं शेवटचं पान भरताना सुई बोटात. झेंड्यावर रक्त, आणि उद्या समारंभ! पाणी लावावं तर साटीनवर वर्तुळ उमटणार. थुंकी लावायला गेले, तर तोंडात नुसता कापूस.
"आई, माझी लावू?" सूनबाई.
"नको गं. माझीच लागते."
गोळी घेतली. हे समोर खुर्ची ओढून बसले आणि चक्क लिंबू चोखायला लागले. काय ती तोंडं! "बघ, बघ माझ्याकडे!" हसता हसता जिभेखाली ओलं झालं. एक थेंब! पांढऱ्या दोऱ्याच्या टोकाला घेतला, डागावर टेकवला, टिपला. गेला!
यांनी टाळ्या वाजवल्या. थुंकीसाठी!

२१ जून
झेंडा चढला. चिमणी काठी टेकत आली, चष्मा पुसून पुसून पाहिलं. "एकही डाग नाही? तू भरलास ना नक्की?"
"होता. घालवला. माझ्याच थुंकीने."
मान ताठ ठेवून घरी आले.

२ जुलै
कानाखालची गाठ साधी नाही. उद्या काढणार. लिहून ठेवते — कात्री सूनबाईला. बोटावर चढवायचं अंगुस्तान चिमणीला, ती अजून सुई टोचून घेते. रेशमाचा डबा शाळेला. तो पांढरा दोरा यांना.
पाण्याची बाटली कुणालाही नाही. शुद्धीवर आले की मला लागेल.